एकाच नावाच्या दोन ओळी

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनासाठी अमरावतीहून आलेले नातेवाईक रविवारी परत गेले आणि सोमवारी मी कामावर गेले. घाटकोपरहून मेट्रो, चकाल्याला उतरून सात-आठ मिनिटं चालायचं. महिनाभर तो रस्ता पायाखाली नव्हता, पण काही वेगळं वाटलं नाही. लॅपटॉप उघडला, पासवर्डची मुदत संपली होती, नवीन टाकला.

आमचा टीम लीड केरळचा. मुंबईत पंधरा वर्षं झाली, मराठी सगळं कळतं पण बोलतो हिंदीत. त्याने विचारलं, "घर में सब ठीक?" मी हो म्हणाले. मग तो म्हणाला, "एक मराठीवाला बग है. तेरे लिए रख के छोड़ा था."

ठेवला होता, कारण टीममध्ये मराठी नीट लिहिता-वाचता येणारी मी एकटीच. एका रुग्णालयाच्या डायलिसिस केंद्रांसाठी आम्ही वेब अॅप्लिकेशन केलं होतं. पेशंटच्या घरचे लोक मोबाइलवर ते उघडून पुढची तारीख, रिपोर्ट, नोंदणी कार्ड बघायचे. इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषा द्यायच्या ठरल्या होत्या. मराठी भाषांतर येऊन फाइलमध्ये बसलंही होतं. पण लोक मराठी निवडायचे आणि स्क्रीनवर इंग्रजीच यायचं. तक्रारी साठल्या होत्या.

त्या बगमध्ये माझे तीन दिवस गेले. अवघड होता म्हणून नाही. मी स्क्रीनकडे बघत बसायचे आणि मध्येच कळायचं की अर्धा तास झाला, एकही ओळ वाचलेली नाही. माझ्या लॅपटॉपवर मराठी व्यवस्थित दिसत होतं, सर्व्हरवर दिसत नव्हतं. आधी वाटलं जुनी पानं साठून राहिलीत, म्हणून ती पुसली. मग वाटलं फाइल सर्व्हरवर पोचलीच नसेल. ती पोचली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं की माझ्या लॅपटॉपवर मीच कधीतरी चाचणीसाठी भाषा हाताने ठरवून ठेवली होती, म्हणून इथे सगळं छान दिसत होतं. लोकांचा फोन मात्र भाषेचं नाव स्वतः पाठवतो, आणि त्या नावात दोन अक्षरगटांच्या मधे एक आडवी रेघ असते. आमच्या फाइलच्या नावात ती रेघ मधोमध नव्हती, तळाला होती. एवढ्यानेच फ्रेमवर्कला, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर अॅप उभं असतं त्याला, मराठी सापडत नव्हती. आणि भाषा सापडली नाही की ते गुपचूप इंग्रजी दाखवतं. कुठे लाल अक्षरांत चूक येत नाही, काही नाही.

रेघ बदलली. शुक्रवारी दुपारी ते सर्व्हरवर चढवलं. टीम लीडने फोनवर उघडून बघितलं. "झकास," तो म्हणाला. हा एक शब्द तो मराठीत बोलतो.

घरी आई बाबांचा फोन चार्जला लावत होती. रोज लावायची. त्यांच्या निवृत्त मित्रांच्या ग्रुपवर सकाळी फुलांचे फोटो यायचे, ते ती उघडायची नाही, नुसती बॅटरी भरून ठेवायची. मी तिला सांगितलं की तो मराठीचा बग सुटला. ती म्हणाली, "बरं झालं." आम्ही भाजी-भाकरी खाल्ली. शनिवार-रविवार मी बहुतेक झोपून होते.

सोमवारी अकराच्या सुमारास टीम लीड माझ्या टेबलापाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता. रुग्णालयातून फोन आला होता. वाकोल्याच्या एका म्हाताऱ्या माणसाने शनिवारी आपल्या बायकोला डायलिसिसला नेलं होतं. ती आत असताना बाहेर बसून त्याने फोनवर अॅप उघडलं. बायकोचा फोटो, खाली तिचं नाव आणि नावाखाली लाल पट्टीत एकच शब्द होता.

निधन.

बाई जिवंत होती. खुर्चीत बसून डायलिसिस घेत होती. तिच्या नोंदणी कार्डाची वर्षाची मुदत तेवढी संपली होती.

मी फाइल उघडली. शोधायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इंग्रजीत कार्डाची मुदत संपली तरी 'एक्स्पायर्ड' म्हणतात आणि इस्पितळांत माणूस गेला तरी 'एक्स्पायर्ड' लिहितात. कार्डाचा शब्द घरच्या लोकांच्या स्क्रीनसाठी होता, माणसाचा शब्द फक्त आतल्या कर्मचाऱ्यांच्या यादीसाठी. फाइलमधल्या प्रत्येक ओळीला एक नाव असतं, त्या नावानेच स्क्रीन शब्द मागवते. पण ह्या दोन्ही ओळींना मी एकच नाव दिलं होतं. इंग्रजीत दोन्हीकडे तोच शब्द, हिंदीतही तोच देवनागरीत लिहिलेला, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. मराठीत एका ओळीत 'मुदत संपली' होतं आणि बऱ्याच खाली दुसऱ्या ओळीत 'निधन'. एका नावाच्या दोन ओळी असल्या की फ्रेमवर्क कुरकुर न करता शेवटची उचलतं. जोवर मराठी बंद होती तोवर कुणाला काही झालं नाही. शुक्रवारी मी ती चालू केली.

मी ओळींची नावं वेगळी केली आणि अर्ध्या तासात दुरुस्ती वर चढवली. मग भाषांतर करणाऱ्या बाईंचे मेल काढले. बोरिवलीला राहतात, शाळेत मराठी शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर हे काम करतात. त्यांनी असलं काही विचारलं कसं नाही, असं माझ्या मनात आलं होतं.

त्यांनी विचारलं होतं. "हा शब्द यादीत दोनदा आला आहे. एकदा कार्डाबद्दल आणि एकदा रुग्णाबद्दल असावा असा माझा अंदाज आहे. मराठीत दोन वेगळे शब्द लागतील. तुमच्या बाजूने काही अडचण येणार नाही ना? कळवावे."

खाली माझं उत्तर होतं. "हो दोन्ही ठेवा."

तारीख बघितली. बाबा आयसीयूत होते त्यातला तो तिसरा दिवस. मी ते उत्तर कुठल्यातरी खुर्चीत बसून फोनवरून पाठवलं असणार. आठवायचा प्रयत्न केला, काही आठवलं नाही. त्या दिवसांतलं मला कॉफीचं मशीन आठवतं आणि लिफ्टमनचा रुमाल. नंतर बाबांच्या कागदावरही तोच इंग्रजी शब्द होता, पुढे वेळ. तेव्हा तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला होता आणि टॅक्सी शोधायला खाली गेले होते.

मी तो मेल टीम लीडला दाखवला. त्याने वाचला, तारीख बघितली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवून ठेवला. "छोड़," म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "वो लोग चाहते हैं कोई जाके माफी माँगे. मराठी में. मैं किसी और को..."

"मी जाते," मी म्हणाले.

मंगळवारी संध्याकाळी रुग्णालयाच्या जनसंपर्क विभागातल्या एका बाईंबरोबर मी वाकोल्याला गेले. त्यांनी फळांची टोपली आणली होती, वर चकचकीत कागद. झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत, चौथा मजला. दाराबाहेर चपलांचा हा ढीग. आत दहा-बारा माणसं होती, जमिनीवर बसलेली, दोघी-तिघी स्वयंपाकाच्या ओट्याशी. सगळे कणकवलीकडचे. निधनाचा फोन गेला तसे मिळेल त्या गाडीने निघाले होते, वाटेत कुणाचे फोन लागले नाहीत, आणि खरी गोष्ट कळली तेव्हा निम्मे पनवेलपर्यंत पोचले होते. आता आलोच आहोत तर बघून जाऊ म्हणून सगळेच आले.

ज्यांना बघायला आले होते त्या आजी कॉटवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बारीक, सावळ्या, हाताला डायलिसिसची पट्टी. त्यांचे यजमान खुर्चीत होते. पूर्वी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन, आता घरीच.

जनसंपर्काच्या बाई म्हणाल्या, "काका, आम्हाला खूप वाईट वाटतंय. सिस्टीममध्ये तांत्रिक चूक झाली."

काका म्हणाले, "सिस्टीम म्हणजे कोण? शब्द कुणीतरी लिवला असेल ना?"

"मी," मी म्हणाले. "म्हणजे शब्द दुसऱ्यांनी बरोबर दिला होता. चुकीच्या जागी माझ्यामुळे आला."

काका माझ्याकडे बघत राहिले. रागावतील असं वाटलं. मी त्याची वाटही बघत होते, पण ते सांगायला लागले.

"हिला आत सोडली आणि बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. म्हटलं पुढची तारीख बघू. तर हे. आता केंद्राचा दरवाजा कुठे, इथून त्या भिंतीइतका. पण आत जायला पाय उचलेना. मी आधी हिच्या भावाला फोन लावला. मग नुसता बसलो. अर्धा तास बसलो असेन. चहा गार झाला. आत गेलो की खरं होणार ना, म्हणून गेलोच नाही. शेवटी नर्स बाहेर आली, म्हणते, काका, मावशी केव्हाच्या विचारतायत, तुम्ही कुठे गेलात म्हणून."

ओट्याशी कुणीतरी गॅस बारीक केला.

आजी म्हणाल्या, "माका बघूक सगळे इले. नायतर मेल्याबिगर कोण येता?"

दोघं-तिघं हसले. आजीही हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "तुला आईवडील आहेत ना गो?"

"आई आहे," मी म्हणाले.

असं वाक्य मी तोवर कधी बोलले नव्हते. पत्ता सांगावा तसं सांगितलं. पण काकांना ते कळलं. "कधी?" त्यांनी विचारलं.

"महिना झाला."

जनसंपर्काच्या बाई टोपली कुठे ठेवावी ते बघत होत्या. आजींनी कॉटवरची उशी सरकवून जागा केली आणि मला म्हणाल्या, "बस. उभी कित्याक रवलंस?" मी बसले.

काकांनी खिशातून फोन काढला. "आता काय लिवलंय ते दाखव."

मी त्यांच्या फोनवर अॅप उघडलं. आजींचा फोटो, नाव, आणि लाल पट्टीत 'मुदत संपली'.

त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग फोन मेव्हण्याकडे दिला. त्याने वाचलं आणि पुढे दिला. फोन खोलीभर फिरला. ओट्याशी उभी असलेली एक बाई म्हणाली, "अगो बाई."

"ह्यात आणि त्यात काय वेगळं?" काका म्हणाले. "माणसाच्या नावाखाली मुदत संपली. मी परत चहाच्या टपरीवर बसणार."

जनसंपर्काच्या बाई म्हणाल्या, "काका, ते कार्डाबद्दल आहे."

"मग कार्ड म्हणून लिवा ना. कुठे लिवलंय कार्ड?"

खरंच कुठेच लिहिलं नव्हतं. मूळ इंग्रजीतही नव्हतं. त्या पट्टीत एकच शब्द मावेल एवढी जागा ठेवलेली होती, तीही मीच.

"काय लिहू?" मी विचारलं.

मग खोलीत चर्चा सुरू झाली. मेव्हणा म्हणाला, कार्ड बाद. काका म्हणाले, बाद नको, बाद काय. एकीने नूतनीकरण असं काहीतरी सुचवलं, तर आजी म्हणाल्या तो शब्द त्यांना वाचता यायचा नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, "कार्ड नवीन करून घ्या, असा सरळ लिव. आणि लाल कशाक? लाल रंग काढ."

मी फोनमध्ये टिपून घेतलं. जेवून जा म्हणाले. बांगड्याचं तिखलं होतं. जनसंपर्काच्या बाई शाकाहारी होत्या, त्यांनी केळं खाल्लं. मी जेवले. चव लागली की नाही ते आता सांगता येत नाही, पण दोनदा भात घेतला हे लक्षात आहे.

बुधवारी मी ती पट्टी रुंद केली, रंग राखाडी केला आणि चार शब्द बसवले. टीम लीड म्हणाला, "इतना लंबा? डिझाइनवाले चिल्लाएँगे." ते ओरडले. नंतर हिंदी आणि इंग्रजीतही तेच वाक्य गेलं.

बोरिवलीच्या बाईंना मी फोन करून सगळं सांगितलं. चूक तुमची नव्हती, तुम्ही विचारलं होतं, असंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमचं उत्तर जरा तुटकच वाटलं होतं. मी परत विचारायला हवं होतं. पण म्हटलं, कामात असाल." मी बाबांचं त्यांना सांगितलं नाही. त्यांनी उरलेली पूर्ण यादी पुन्हा तपासून पाठवली आणि आणखी दोन शब्दांवर खूण केली. दोन्ही ठिकाणी त्यांचं बरोबर होतं.

पुढचे काही आठवडे मी एक गोष्ट करायचे, जी खरं तर करायला नको होती. दुरुस्ती चालते का ते बघण्यासाठी मला आतल्या यादीचं लॉगिन दिलेलं होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आजींच्या डायलिसिसचे वार. त्या दिवशी दुपारी मी यादी उघडून त्यांच्या नावापुढे काय आहे ते बघायचे. 'उपचार सुरू.' मग 'घरी सोडले.' बघून बंद करायचे आणि कामाला लागायचे. शनिवारी सुट्टी असायची तरी बघायचे. एकदा आईने मागून विचारलं, "कोण आहे ही?" मी म्हणाले, "कामातलं आहे."

पावसाळा संपता संपता ते काम दुसऱ्या टीमकडे गेलं आणि माझं लॉगिन बंद झालं. हल्ली मी टाइल्स विकणाऱ्या एका दुकानाची साइट करते, गुजराती आणि हिंदीत. गुजराती मला वाचता येत नाही. ओळींची नावं मात्र लांबलचक देते, कशाबद्दल आहे ते प्रत्येक नावात लिहून. टीम लीड त्यावरून चिडवतो, पण बदलायला सांगत नाही.