पहिलं घर

मावशी आमच्या घरात शिरली की आधी चपला कोपऱ्यात सारायची, मग माझ्या जावयाचे जुने मोजे पायांत चढवायची आणि त्यानंतर तोंड उघडायची. एकदा उघडलेलं तोंड परत चपला घालेपर्यंत मिटत नसे. माझं अख्खं आयुष्य रंगभूमीवर गेलं, पण एंट्री कशी घ्यावी हे तिच्याकडून शिकावं.

काम थांबलं, बायको गेली, तेव्हा लेकीनं मला आपल्याकडे परदेशात आणलं. ती आणि जावई दिवसभर ऑफिसात. म्हाताऱ्याला बोलायला माणूस हवं म्हणून लेकीनं मुद्दाम आपली भाषा बोलणारी बाई शोधली. नवरा वारल्यावर मावशी पोरीला आपल्या आईपाशी ठेवून इकडे कामाला आली होती. इथल्या पगारावर तिनं पोरीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं, पण स्वतःला काही त्या लग्नाला जाता आलं नाही. फोटो मला दाखवत म्हणाली, "सगळं छान झालंय, बाबा. फक्त जावई डोळे मिटून उभा आहे. आतापासूनच."

तिच्या हाताखालून गेलेल्या पातेल्याच्या बुडावरसुद्धा पाण्याचा डाग सापडायचा नाही. भाजी चिरायची ती ओट्याला टेकून, उभ्यानं. बसायची फक्त चहाला, तेही उलट्या बादलीवर. मी सोफ्याकडे बोट दाखवलं की म्हणायची, "त्यावर बसलं की उठवत नाही. मग भांडी कोण घासणार, तुम्ही?" सकाळी मी खिडकीशी उभा राहून जुनी भाषणं म्हणायचो आणि कुठं अडलो की स्वयंपाकघरातून पुढचा शब्द यायचा. कधी कधी तो नाटकात नसलेलाच असे, पण ऐकायला बरा वाटे.

आता आमच्या इमारतीची एक रीत सांगायला हवी. तिथं बहुतेक सगळे बाहेरच्या देशांतून नोकरीसाठी आलेले, आणि एकेक बाई तीन-चार घरं करणारी. आजारपण आलं की खर्च कुणी करायचा यावरून पूर्वी भांडणं व्हायची म्हणे. म्हणून कुणीतरी सोपा नियम काढला आणि तो सगळ्यांनी उचलला. बाई सकाळी ज्या घरात पहिलं पाऊल टाकते, ते तिचं पहिलं घर. डॉक्टर, औषध, दवाखाना पहिल्या घराकडे. बाकीच्यांनी फक्त कामाचे पैसे द्यायचे. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण लिहिल्यापेक्षा घट्ट होतं.

आम्ही मावशीचं पहिलं घर. याचा तिला केवढा मान! खालच्या मजल्यावर दातांची एक डॉक्टरीण राहायची. तिला शाळेच्या गडबडीत मुलांना तयार करायला सकाळचीच बाई हवी होती आणि ती मावशीला जास्त पगार द्यायला तयार होती. मावशीनं साफ नाही सांगितलं. "जास्त देते म्हणून घर सोडायचं का? मी ताईंची बाई आहे." लेकीनं त्या दिवशी तिला मिठी मारली होती. मी स्वतः पाहिली.

मग मावशीच्या पोटात दुखायला लागलं. भांडी घासता घासता ती एकदम सिंकची कड धरून वाकायची, चेहरा घामानं भिजायचा. तपासणीत पित्ताशयात खडे निघाले. "जन्मभर तांदळातले खडे वेचले," ती म्हणाली, "वेचलेले जात कुठं होते ते आज कळलं." डॉक्टर मात्र हसले नाहीत. ऑपरेशन करावं लागेल, फार लांबवू नका, म्हणाले. परदेशी माणसाला इथं ऑपरेशन म्हणजे कंबरडं मोडणारा खर्च. लेक मावशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बघू आपण. काळजी करू नका."

दोन-चार दिवसांनी लेक माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेला बसली.

"बाबा, मावशींना सकाळी फार त्रास होतो हो. त्यांना म्हणावं, सकाळी झोपत जा, दुपारी या. पगार तोच ठेवू."

"मग सांग की तूच."

"मी सांगितलं तर त्यांना वाटेल कामावरून काढतेय. तुमचं ऐकतात त्या. तुम्ही सांगितलं की कसं गोड वाटतं."

मला माझ्या लेकीचा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी मी मावशीला बळंच सोफ्यावर बसवलं, तिच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं की या घराला तुझ्या कामापेक्षा तू महत्त्वाची आहेस, आजपासून तुझी सकाळ तुझी. आवाज कुठं खाली आणायचा, कुठं थांबायचं, सगळं मला येत होतं. मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आईनंसुद्धा मला कधी झोप म्हटलं नाही, बाबा."

झोपणारी बाई मात्र ती नव्हती. रिकामी सकाळ बघून डॉक्टरणीनं परत विचारलं. मावशी आधी आमच्या लेकीची परवानगी घ्यायला आली. लेक म्हणाली, "घ्या की. हलकंच काम आहे." आणि मावशी सकाळी खाली, दुपारी आमच्याकडे येऊ लागली.

पुढच्याच महिन्यात पुन्हा जोराची कळ आली. डॉक्टरांनी आता थांबायचं नाही म्हणून तारीख दिली. त्या संध्याकाळी मावशी लेकीशी बोलायला थांबली. मी बैठकीत होतो. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं.

"ताई, तारीख मिळाली. ऑपरेशनचे पैसे आधी भरायचेत म्हणे."

"हो का? मग खाली बोललात का?"

"खाली कशाला?"

"अहो मावशी, तुमचं पहिलं घर आता ते आहे ना."

मावशीनं हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

"पण ताई, मी दुपारी येते ते तुम्हीच सांगितलं म्हणून."

"मी कुठं सांगितलं? बाबांनी सांगितलं ना? नियम काही मी केलेला नाही. आमच्याकडून थोडीफार मदत करू, पण सगळा भार आमच्यावर कसा चालेल?"

मावशी बाहेर आली. चपला घालायच्या आधी माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही गं. शपथ घेतो."

"काय हुबेहूब म्हणालात त्या दिवशी. मला खरंच वाटलं होतं." आणि ती गेली.

मी लेकीवर तुटून पडलो. तिनं ऐकून घेतलं आणि मग थकल्यासारखी म्हणाली, "ह्यांच्या कंपनीनं भत्ता कापलाय, बाबा. तुमच्या हृदयाच्या गोळ्या, तुमच्या तपासण्या, त्यातलं इथं काहीच फुकट नाही. कुठून तरी वाचवायलाच हवं होतं." माझी मुलगी. लहानपणी माझी नाटकं विंगेत बसून बघायची आणि खोट्या मरणावर खरं रडायची. तिनं मला भूमिका दिली, आणि नाटक कसलं आहे ते सांगितलं नाही.

डॉक्टरीण म्हणाली, हे दुखणं माझ्याकडे यायच्या आधीचं, तरी निम्मे देते. उरलेल्यासाठी इमारतीतल्या बायकांनी वर्गणी काढली. चौथ्या मजल्यावरची मुलं सांभाळणारी बाई गोळा करत होती. मी जिन्यात तिला गाठलं, साठवलेले होते नव्हते ते पुढे केले. तिनं हात मागे घेतला. "मावशी म्हणालीय, त्या घरचं घ्यायचं नाही. रागवू नका, आजोबा."

ऑपरेशन नीट झालं. मी भेटायला गेलो. मोठ्या वॉर्डात, भिंतीकडच्या खाटेवर मावशी उताणी पडली होती. कामाशिवाय तिचे हात मी प्रथमच पाहिले; चादरीवर नुसते ठेवलेले, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. मी स्टूल ओढून बसलो. बोलायचं ठरवून गेलो होतो, पण आवाज साधाच निघाला.

"मावशी, मला खरंच माहीत नव्हतं."

"नसेल, बाबा."

"विश्वास ठेव माझ्यावर."

"ठेवला." तिनं मान माझ्याकडे वळवली. "माहीत नव्हतं तोवरचं सोडून दिलं मी. पण कळल्यापासून तुम्ही जेवताय कुठं?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती.

"तिथंच," मी म्हणालो.

"बघा. मग मी तरी काय बोलू?" तिनं डोळे मिटून घेतले. "जा आता. उशीर झाला तर ताई ओरडतील."

मी जिना उतरून बसच्या थांब्यावर आलो, घरी गेलो. लेकीनं ताट वाढून ठेवलं होतं, ताटाशेजारी माझ्या गोळ्या. जेवलो, गोळ्या घेतल्या. लेकीनं विचारलं, "कशा आहेत मावशी?" मी म्हणालो, "बरी आहे," आणि ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं.