वायरीवर नाव कुठं लिहायचं?

वडूजजवळच्या आमच्या शाळेला सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्यानं संगणक दिले. प्रत्येकावर त्याच्या वडिलांच्या नावाची पाटी. पण शाळेची वायरिंग इतकी कुजलेली, की बटण दाबलं की फ्यूज उडतो. विज्ञान मी शिकवतो, म्हणून सांगलीला मीच गेलो आणि त्यांच्या पेढीवर हात जोडले.

"आवं शेटजी, तेवढी वायरिंग करून द्या. पोरं नुसती धूळ पुसत्यात."

"सर, वायर भिंतीत जाणार. तिच्यावर नाव कुठं लिहायचं?"

"माझ्या कपाळावर लिहा!" मी ओरडलो.

ते हसले. माझ्यासाठी चहा मागवला.

गेल्या आठवड्यात टेम्पोतून आणखी संगणक आले, पाट्यांसकट. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेटजी समोर उभे होते, म्हणून मीही वाजवल्या.