मिठाची गोष्ट परत

कुवेंपुनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानदार जुन्या म्हैसूरकर मराठी घरातले, बोलता बोलता 'नोडी' म्हणजे बघा, 'अल्वा' म्हणजे हो ना, असं कन्नडात शिरणारे. प्रिंट तयार असली तरी ते ती लगेच हातात देत नाहीत. कागदावरच्या एखाद्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवतात आणि त्याची कुळकथा सांगूनच कागद सोडतात. 'नाइस' म्हणजे पूर्वी मूर्ख, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तेव्हापासून ऑफिसात कोणी मला नाइस म्हटलं की मी जरा दचकतो.

एकदा माझ्या सॅलरी सर्टिफिकेटवरच्या 'सॅलरी'वर बोट थांबलं. "नोडी सर, रोमन शिपायांना पगारात मीठ मिळायचं, लॅटिनमध्ये मीठ म्हणजे 'साल', त्यातून हा शब्द आला. आमचे पणजोबाही शिपाईच, अल्वा?" सांगताना त्यांची छाती चांगलीच फुगली होती.

परवा सकाळी दारात हेच उभे, बगलेत जाडजूड शब्दकोश.

"सर, ते मिठाचं परत घ्यायला आलो. शब्दाचं मूळ मिठातच आहे, पण शिपायांना पगार म्हणून मीठ देत, याला पुरावा नाही नोडी."

"अहो, एवढ्यासाठी आलात? चहा तरी घ्या."

"नको सर. हिनकलच्या एका रिक्षावाल्यालाही सांगून बसलोय. तो दिवसभर पॅसेंजरना सांगत फिरेल."

स्कूटरला किक मारून ते निघाले आणि फाटकाशी पुन्हा थांबले.

"पणजोबांचं मात्र तसंच ठेवा सर. त्याला पुरावा आहे."