न फुटलेला फुगा

सुकदेव पाटील पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये कलर मास्टर होता. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, नमुन्याचा तुकडा दिला की तो खिडकीशी नेऊन उलटसुलट करून बघायचा आणि कुठला रंग किती ग्रॅम लागेल ते तोंडी सांगायचा. मूळचा धुळ्याकडचा, मिलजवळच डिंडोलीत दोन खोल्या केलेला, मोठा थट्टेखोर माणूस.

सहा वर्षांपूर्वी तो मिलच्या ओल्या जिन्यावरून घसरला. डोक्याला लागलं म्हणून स्कॅन काढला. माराचं काही निघालं नाही, पण मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आलेला दिसला. डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या: कदाचित जन्मात फुटणार नाही, पण फुटला तर वेळ मिळणार नाही. सुकदेव म्हणाला, दुखतखुपत काही नाही, राहू दे. त्याची बायको सुवर्णा ऐकेना. थोरला दीर राघो चहा पिता पिता डोकं धरून खाली बसला होता आणि संध्याकाळपर्यंत गेला होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिने नवऱ्याला मुलीची शपथ घातली. ऑपरेशन झालं, फुग्याच्या तोंडाशी क्लिप बसली, नवव्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी घरी आला. सुवर्णाने गल्लीत पेढे वाटले.

चार महिन्यांनी तो कामावर गेला. रंग ओळखू येत होते. पण एक तोलला की त्याआधीचा तोलला होता की नाही, हे त्याला सांगता येईना. मोरपंखी कापडाचा सबंध लॉट काळपट निघाला. शेठ भला, त्याने सुकदेवला गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. वर्षभरात तेही सुटलं. थट्टा आटली, रागही आटला. एकुलत्या एका मुलीच्या, योगिताच्या लग्नात तो पाहुण्यासारखा खुर्चीत बसून राहिला, पाठवणीच्या वेळीही उठला नाही. शेजारणी सुवर्णाला म्हणत, नशीबवान आहेस, माणूस धडधाकट परत आला.

एकदा ती चिडून रडली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तू माले वाचाडं. आते मी काय करू, ते सांग."

यंदाच्या तपासणीतही क्लिप जागच्या जागी होती. डॉक्टर नवे होते. निकाल उत्तम आहे म्हणून त्यांनी फाइल मिटली. सुवर्णा जागची उठली नाही.

"ते चालतात, जेवतात, साहेब. पण दात घासा म्हटल्याशिवाय ब्रश हातात घेत नाहीत. याला काय म्हणायचं?"

डॉक्टरांनी फाइल पुन्हा उघडली. ऑपरेशननंतर काही जणांचं असं होतं, म्हणाले; आम्ही कागदावर माणूस चालतो-बोलतो का एवढंच लिहितो. स्मरणशक्तीचे व्यायाम असतात, ते पहिल्या वर्षातच सुरू व्हायला हवे होते, आता फार आशा देता येणार नाही. फाइलीत राघोची नोंद होती; थोरल्या भावाचाही असाच फुगा फुटला असावा, हे घराण्यात येतं, तेव्हा मुलीची एकदा तपासणी करून घ्या, असंही त्यांनी सांगितलं.

योगिता नवसारीला असते. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"आई, करू का मग तपासणी? काही निघालं तर तू म्हणशील तसं करीन."

नवऱ्याच्या वेळी सुवर्णाला ठरवायला एक संध्याकाळ पुरली होती. आता तिचं काही ठरेना. तपासलं आणि निघालं तर? नाही तपासलं आणि फुटलं तर?

"थांब जरा," एवढंच ती म्हणाली.

त्याला तीन महिने होत आले. योगिता दर रविवारी फोन करते, पाऊसपाण्याचं बोलते, त्याबद्दल पुन्हा विचारत नाही. सुवर्णाही काही सांगत नाही. फोन ठेवला की ती बराच वेळ तिथेच बसते, आणि मग सुकदेवला जेवायला उठवते.