उभ्याने ऐकलेलं रान

सांगलीतल्या एका बँडमास्तरची मी मुलगी. लग्न होऊन आदिलाबादजवळच्या सासरी आले ती क्लॅरिनेटची पेटी उराशी धरूनच. सासऱ्यांनी पेटी उघडून पाहिली. "हे वरातीत वाजवतेत थे ना? आपल्या घरात सूनबाई बाजा वाजवन काय?" मी फणकाऱ्याने म्हटलं, "हो, वाजवणार." त्यांनी पेटीचं झाकण लावून ती माझ्याकडे सरकवली, आणि मला तेच जास्त झोंबलं.

तेव्हा या मुलखावरही माझा रागच होता. उसाच्या हिरवाईत वाढलेल्या डोळ्यांना इथली भेगाळलेली काळी जमीन बघवत नसे. पुढे इथल्या शाळेत बँड शिकवायची नोकरी लागली. रोज सकाळी बसच्या खिडकीतून फुटलेला कापूस दिसायचा, सागाची झाडं दिसायची, धुक्यात बुडालेली पैनगंगा दिसायची. कधी आवडायला लागलं ते कळलंच नाही. एका सुट्टीत माहेरी गेले आणि चार दिवसांत इथल्या थंडीसाठी जीव कासावीस झाला. मी स्वतःशीच म्हटलं, झालं, आता आपलं घर तिकडे.

मग त्या मुलखावरच मी बँडसाठी रचना लिहिली. शब्द नाहीत, नुसते सूर. क्लॅरिनेटवर पहाटेचं धुकं, ट्रंपेटवर लालभडक पळस आणि तळाशी युफोनियमच्या खर्जात संथ, जड काळी माती. गारठ्यात पितळ इतकं थंड पडायचं की सूर उतरायचे. मुलं वाद्यं पोत्यावर मांडून उन्हात तापवायची, मग तालीम. प्रजासत्ताक दिनाला ती रचना वाजवायचं ठरलं. लोकांना यात आपलं रान ऐकू येईल, की परक्या बाईचं खूळ? सासरेही येणार होते.

झेंडावंदन झालं, लोक बसले. मी हाताने ताल दिला आणि मुलांनी संथ सुरावट सुरू केली, तोच पुढच्या रांगेतले पाहुणे ताडकन उभे राहिले! त्यांना वाटलं, हेही एखादं सरकारी गीत. त्यांचं बघून अख्खं मैदान उभं, हात सरळ खाली. मला हसावं की रडावं कळेना. अखेर हेडमास्तरांनी माइक घेतला. "कूर्चोंडी, कूर्चोंडी! बसा! आपल्या जिल्ह्याच्या रानावरचं हे संगीत आहे, आमच्या मॅडमनी लिहिलेलं." लोक ओशाळून हसत खाली बसले.

सासरे मात्र उभेच. शेजारच्याने त्यांचा सदरा ओढला, "बसा ना काका, राष्ट्रगीत नोहे थे."

"आयकलं म्या," ते रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "आपल्या रानाचं हाय, मंग बसू काऊन? अन् लिवलं कोनं? आमच्या घरच्या पोरीनं."

समोरची मुलं मला धूसर दिसू लागली. पण ताल धरलेला हात मी खाली येऊ दिला नाही.