भिंतीपलीकडची माय

धुळ्यास मी दहा महिने राहिलो, पण धुळे मी पाहिलेले नव्हते. हे वाक्य कुणाला विनोदी वाटेल, म्हणून आधीच सांगतो की ते दहा महिने मी तिथल्या तुरुंगात होतो. कायदेभंगाच्या चळवळीत आमच्या यावल भागातले आम्ही अकराजण पकडले गेलो आणि मी, प्राथमिक शाळेत गणित शिकवणारा मास्तर, सरकारी पाहुणा झालो. स्टेशनावरून बंद गाडीतून आत गेलो आणि सुटलो त्या दिवशी थेट स्टेशनावर आलो. मधले गाव कसे आहे ते मला ठाऊक नव्हते. लोकांनी विचारले तर मी हसून वेळ मारून नेत असे.

पण तिथे मला एक अनुभव आला होता आणि तो मी सहा वर्षे कुणालाही सांगितला नाही. सांगितला नाही, कारण मला त्याची लाज वाटत होती. मी देवभोळा माणूस नव्हे. जे पडताळून पाहता येत नाही ते मानायचे नाही, अशी माझी लहानपणापासूनची खोड. आणि तरीही तुरुंगात मला एक आवाज ऐकू आला, त्या आवाजाने मला उभे केले, आणि तो जगदंबेचा आवाज होता असे माझे मन मला सांगत राहिले. डोके म्हणे तापातला भ्रम. मन म्हणे आई. या दोघांच्या भांडणात मी धड आस्तिक राहिलो नाही, धड नास्तिकही नाही.

घडले ते असे. श्रावणात मला विषमज्वर झाला. मला आजाऱ्यांच्या बराकीत, अगदी बाहेरच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात ठेवले होते. तिथले डॉक्टर भले होते, त्यांनी होते नव्हते ते केले. पण एकवीस दिवसांचा ताप उतरला तेव्हा माझ्या अंगात काही उरले नव्हते. पायांत तर प्राणच नव्हता. त्यातच थोरल्या भावाचे पत्र आले, की आईने तुझा ध्यास घेऊन अन्न टाकले आहे, माफी लिहून दे आणि घरी ये. मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी, तो पोळ्याचा दिवस होता, माफीचा कागद मागवला. उद्या सकाळी सही करतो असे सांगितले. भिंतीपलीकडून बैलांच्या घुंगरांचे आवाज येत होते, मुले ओरडत होती, आणि मी तोंडावर कांबळे ओढून पडलो होतो. आपण आता कुठल्याच तोंडाने शाळेत उभे राहू शकणार नाही, हे मला कळत होते. पण उभे राहण्याचीच इच्छा संपली होती.

पहाटे, नुकते फटफटत असताना, मला एका बाईचा आवाज ऐकू आला. खणखणीत, पण मायेने ओथंबलेला, अहिराणी बोलीतला. "ऊठ मना बाप, ऊठ. आज उभं ऱ्हावानं शे." माझ्या बापा, आज उभे राहायचे आहे, असे कुणी मला म्हणत होते. मी डोळे उघडले. बराकीत सगळे झोपलेले. पुन्हा तोच आवाज: "भिऊ नको. पडशी तं मी शे ना." काय झाले मला सांगता येत नाही. मी कुशीवर वळलो, खाटेचा कठडा धरला आणि उठायला गेलो तो खाली कोसळलो. जमिनीवर पडलो असताना आवाज आला, "पडना? पडू दे. आखो ऊठ." पुन्हा ऊठ म्हणत होती! माझे पडणे तिला दिसले होते! मी रडत होतो. खिडकीचा गज हाती लागला, तो धरून मी गुडघ्यावर आलो, मग एका पायावर, मग दोन्ही. पाय लटपटत होते, पण मी उभा होतो. आणि माझ्या तोंडून, माझे मलाच कळायच्या आत, ओरडा निघाला: "उठलो, माय! उठलो!" शेजारचे जागे झाले, पहारेकरी धावत आला. सकाळी कागद आला तेव्हा मी तो तसाच परत दिला. आठवड्याने घरून पत्र आले, की आई जेवू लागली.

त्यानंतर कित्येक दिवस तो आवाज पहाटे येई आणि मी त्यासरशी उठून चार पावले टाकी. शेजाऱ्याला एकदा विचारले, तर तो म्हणाला, "मास्तर, मला तर कोंबड्याशिवाय काही ऐकू येत नाही." मग मी विचारणे सोडले. पुढे एके दिवशी आवाज थांबला. तोवर मी चालू लागलो होतो.

आता यात्रेचे सांगतो. मी आत असताना आमच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या पत्नीने, धुळ्याच्या एकविरेला नवस बोलला होता, की हे धडधाकट घरी आले तर खणानारळाने तुझी ओटी भरीन. सहा वर्षे मी तिला आज-उद्या करत टाळत होतो. खरे कारण तिला सांगत नव्हतो. मला भीती वाटत होती. ती भिंत बाहेरून पाहिली आणि पलीकडे नुसते शेत निघाले, तर मी भ्रमिष्ट ठरणार होतो. आणि कुणी बाई निघाली, तर माझी जगदंबा जाणार होती. शेवटी यंदा चैत्रात ती म्हणाली, "अहो, तुम्हाला यायचं नसेल तर मी एकटी जाते. देवीचा शब्द मोडून मला मरायचं नाही." मग निघालो. भुसावळहून चाळीसगाव, तिथून धुळ्याची गाडी.

स्टेशनाबाहेर टांगेवाला भेटला. करीमभाई नाव, पांढरी दाढी, डोक्याला हिरवा पटका. त्याने आमचे गाठोडे उचलताच विचारले, "धुळ्याला पहिल्यांदाच का, साहेब?" मी म्हटले, "नाही, राहून गेलो आहे." तेवढ्यावर भागले असते, पण मंडळींना गाव पाहायची हौस. ती मला विचारू लागली, हा रस्ता कुठे जातो, ती टेकडी कसली, बाजार केव्हा भरतो. मला एकाचेही उत्तर येईना. सुतात धरल्यासारख्या सरळ गल्ल्या आणि गल्ल्यांना नावांऐवजी नंबर, हे पाहून तर मी तिच्याइतकाच चकित झालो. करीमभाई मागे वळून हसला. "साहेब, कोणत्या गल्लीत राहत होता तुम्ही?" मग सांगणे भागच पडले. तुरुंगाचे नाव ऐकताच त्याने घोडा थांबवला, खाली उतरला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. "मग तर धुळं तुमचंच आहे. चला, आज मी तुम्हाला तुमचं गाव दाखवतो."

आणि त्याने दाखवले. कापसाच्या गाड्यांनी भरलेला आग्रा रोड, दूर उन्हात दिसणारा लळिंगचा किल्ला, पांझरेच्या पात्रात वाळत घातलेली रंगीत लुगडी. भाजलेल्या शेंगा विकत घेऊन आम्ही टांग्यात बसून सोलून खाल्ल्या. ज्या गावाची मला दहा महिने फक्त भिंत माहीत होती, ते इतके उजळ आणि बोलके असेल असे वाटले नव्हते. मी लहान मुलासारखा हे काय, ते काय विचारू लागलो. माझे मन हलके झाले होते; आणि त्या हलकेपणातच मी, आयुष्यात पहिल्यांदा, मंडळींना तो आवाज सांगितला. ती हसली नाही. तिने टांगेवाल्याला सांगितले, "करीमभाई, तुरुंगाच्या मागच्या बाजूला न्या."

मी नको म्हणत होतो. पण करीमभाईनेही सगळे ऐकले होते. तो एवढेच म्हणाला, "साहेब, घाबरता कशाला? वरच्या मालकाने ज्या घरून निरोप पाठवला, ते घर बघण्यात पाप नाही."

भिंतीच्या मागे एक बैलगाडीची वाट होती. वाटेपलीकडे कडुनिंबाखाली मातीचे दोन खणांचे घर. अंगणात एक म्हातारी गोवऱ्या थापत बसली होती. मंडळी पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "आजी, सहा वर्षांमागे इथून पहाटे कुणी कुणाला उठवत होतं का हो?"

म्हातारीने हात थांबवला. "तुमले कसं ठाऊक, माय?"

तो आवाज! वयाने थोडा फाटला होता, पण तोच. मी टांग्याचा दांडा धरून उभा राहिलो.

तिने जे सांगितले ते थोडक्यात असे. तिचा मुलगा सुकदेव, पंचविशीचा, विहिरी खोदायच्या कामावर होता. दरड अंगावर आली आणि कमरेखाली तो लाकूड झाला. वैद्यांनी हात टेकले, हा आता उठायचा नाही असे सगळे म्हणू लागले. "बठ्ठा लोक म्हनेत, आते हाऊ उठाव नही." पण माय ऐकेना. तिने निंबाच्या फांदीला दोर बांधला. लोकांची कीव नको म्हणून रोज उजाडायच्या आत ती त्याला अंगणात आणी, दोर हाती देई आणि उभा करू पाही. तीन महिने तो रोज पडला; मी तेव्हा तापाच्या ग्लानीत असेन. पोळ्याच्या दिवशी गावातले त्याचे सोबती बैल मिरवत दारावरून गेले आणि त्या रात्री तो आईला म्हणाला, आता पुरे, मला पडू दे. "त्या दिन मना बी धीर सुटना व्हता," म्हातारी म्हणाली. तिने देवीला सांगितले होते, की उद्या एकदा उठवते. नाही उठला तर दोर सोडून ठेवते आणि तुझे नावही घेत नाही. दुसऱ्या पहाटे तो उठायला गेला आणि पडला. तिने पुन्हा उठ म्हटले. त्याने तोंड फिरवले.

"आनि मंग," ती म्हणाली आणि तिने त्या उंच दगडी भिंतीकडे बोट केले, "त्या भितमाईन आवाज ऊना. उठलो, माय! उठलो!"

मग सुकदेव तिला म्हणाला, "माय, आतला तो उठना. मी बी उठसू." आणि त्या दिवशी तो दोराला धरून उभा राहिला. म्हातारी सांगत होती, की देवीने माझ्या तोंडावर उत्तर दिले, त्यानंतर मी तिच्यावर कधी रागावले नाही. टांग्याजवळ उभ्या असलेल्या माझ्याकडे तिचे लक्षच नव्हते. मंडळींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आजी, ते ओरडणारे हे."

पुढचे मला नीट लिहिता येणार नाही. मी तिच्या पायांवर डोके ठेवले होते आणि ती शेणाच्या हातांनीच माझे तोंड कुरवाळत म्हणत होती, "मना बाप, तू व्हता का? तू व्हता का?" तेवढ्यात वाटेने डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन एक उंच, सावळा माणूस आला. उजवा पाय किंचित ओढत होता. बाकी चाल झपझप. त्याने पेंढी टाकली, आईने हुंदके देत सांगितले, आणि त्याने मला उचलूनच घेतले! ज्याला उभे राहता येत नव्हते, त्याने मला, चांगल्या दीड माणसाच्या वजनाच्या मास्तराला, उचलले. करीमभाई टांग्यावरून "वाह रे मालक! वाह!" म्हणून ओरडत होता.

देवपुरात एकविरेला आम्ही सारे मिळून गेलो. करीमभाईने टांग्यात बसण्याचा आग्रह केला, पण सुकदेव म्हणाला की देवीकडे तो पायीच जातो. मग मीही पायी निघालो. ऊन चढले होते, नदीचे पाणी घोट्याइतके होते, आणि आम्ही दोघे हातात हात घालून, नवरदेवासारखे, त्यातून चाललो. देवळात ओटी भरताना पुजाऱ्याने विचारले, नवस कुणाचा. "माझा," मंडळी म्हणाल्या. त्याच क्षणी म्हातारी म्हणाली, "मना." दोघी एकमेकींकडे पाहून हसू लागल्या आणि पुजारी बिचारा नारळ हातात धरून उभा राहिला. मी त्या शेंदूरचर्चित मुखाकडे पाहत होतो. मला भीती होती की बाई सापडली तर जगदंबा जाईल. बाई सापडली, आणि जगदंबा कुठे गेली नाही.

यानंतर मी चमत्काराचा पडताळा पाहणे सोडले. ती म्हातारी तिच्या लेकाशी बोलत होती, हे खरे. मी माझ्या आईला हाक मारली होती, हेही खरे. आम्हां दोघांनाही मध्ये कोण उभे आहे हे माहीत नव्हते. पण मला इतके कळते की त्या पहाटे माझ्या अंगात माफीच्या कागदाला नाही म्हणण्याचेदेखील बळ नव्हते आणि त्याच बळहीन माणसाचा ओरडा कुणाच्या तरी घरी प्रसाद म्हणून पोचवला गेला. मी काही केले नव्हते, नुसता उठलो होतो. आपले उठणे कुठे उपयोगी पडेल ते ठरवणे आपल्याकडे नाही. आपण ते ठरवणाऱ्याच्या हाती द्यावे आणि मोकळे व्हावे. हे मी आता वर्गातल्या मुलांना सांगत नाही, पण स्वतःला रोज सांगतो.

पुढे यंदाच्याच दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी, दुपारच्या वेळी, आमच्या दारात कुणीतरी हाक मारली. पाहतो तर सुकदेव, गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेला. आमच्या मंडळींना तो अक्का म्हणतो, म्हणून ओवाळून घ्यायला आला होता. भुसावळपर्यंत गाडीने आणि तिथून तापी ओलांडून यावलपर्यंत पायी. "अरे, मोटार मिळाली नाही का?" मी विचारले. तो ओसरीवर बसेचना, उभाच राहून हसत म्हणाला, "मियनी व्हती, भाऊ. पन चालानं व्हतं माले." मंडळींनी पाट मांडला, निरांजन लावले. मी त्याचे पाय धुवायला पाणी घेऊन गेलो, आणि तो नको नको म्हणत असताना, माझ्या हातांनी धुतले.