साहेबांचं एक वाक्य

जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या एका व्हिडिओ गेम कंपनीत आठ वर्षं मी साहेबांची प्रतिमा सांभाळली. म्हणजे पेपरात, पॉडकास्टवर, परिषदेच्या मंचावर ते कसे दिसतील ते बघायचं. खरे साहेब म्हणजे चारचौघांत बोलायला घाबरणारा, नखं कुरतडणारा माणूस. पेपरातले साहेब मात्र द्रष्टे वगैरे होते. या दोघांच्या मधे मी होते आणि शेवटी शेवटी अगदी विटून गेले होते.

इथली एक पद्धत आहे. मुलाखत छापण्याआधी पत्रकार मजकूर मंजुरीसाठी परत पाठवतो. त्याला फ्रायगाबे म्हणतात. माझं खरं काम तिथं सुरू व्हायचं. साहेब जे बोलले त्यातलं टोचणारं काढायचं, गुळगुळीत घालायचं. पत्रकार कुरकुरतात, पण छापतात.

त्या वर्षी आमचा मोठा गेम सपशेल आपटला. खेळता खेळता मधेच बंद पडायचा. लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. टेस्टिंगची टीम बंद करायचं ठरलं. त्या टीमचा प्रमुख सांगलीचा. दुपारी आम्ही डबा एकत्र खायचो. त्याचा व्हिसा नोकरीवर अवलंबून, त्यामुळे तो धडाधड अर्ज करत होता. प्रत्येक इंटरव्ह्यूत एकच प्रश्न, "तो गेम तुम्हीच तपासला होता ना?" खरं तर गेम तयार नाही, असं त्यानं दोनदा लिहून दिलं होतं. पण कंपनीची कागदपत्रं बाहेर दाखवता येत नव्हती.

अशात साहेबांची मोठी मुलाखत झाली. मी शेजारीच बसले होते. पत्रकारानं गेमचा विषय काढला. साहेब म्हणाले, "चूक माझी. टेस्टिंगच्या लोकांनी दोनदा बजावलं होतं. मी ऐकलं नाही." मला भरूनच आलं. जेवताना मी त्या सांगलीकराला सांगून टाकलं.

पोळीचा घास त्याच्या हातात तसाच राहिला. "ताई, हे छापून आलं ना, तर मला कुणाला काही पटवून द्यावं लागणार नाही."

सोमवारी मजकूर आला. त्या दिवशी असे आणखी तीन मजकूर माझ्यापुढे होते, डोकं उठलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, वकिलांनी विचारलंही नव्हतं. हात सवयीनं चालला. "चूक माझी" दिसलं की खोडायचं, हे अंगवळणीच पडलेलं. तिथं "आम्ही सर्वांनी यातून धडा घेतला" असं घातलं आणि साहेबांकडे पाठवलं. त्यांचं एका शब्दात उत्तर आलं, "गुट", म्हणजे छान. मी पत्रकाराला मंजुरी कळवून टाकली. सांगलीकर मला आठवलाच नाही. त्याची लाज अजून वाटते.

गुरुवारी तो स्टेशनवरून पेपर घेऊनच ऑफिसात आला. उभ्या उभ्या पूर्ण पान वाचलं, मग पुन्हा वरपासून वाचलं.

"ताई, ते वाक्य कुठंय?"

खरं सांगायला एवढा एकच क्षण होता. "पेपरवाल्यांनी कापलं असेल," मी म्हणाले.

त्यानं पेपरची घडी घातली, बॅगेत ठेवली. "असो, जाऊ दे. ते राहावं म्हणून तुम्ही खूप भांडला असाल त्यांच्याशी."

"हो," मी म्हणाले.